संकष्टीचा चंद्र आणि पंचांगाची कथा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार शब्द लिहावे असे मंडळात ठरले, म्हणून हा विषय घेतला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु महिन्यातून एकदा उपाशीपोटी चंद्राची वाट पाहणे आपणा बहुतेकींना ठाऊक आहे. ज्या वेळेवर विसंबून आपण नैवेद्याचे पान वाढतो, ती वेळ पंचांगात आली कशी, हे जाणून घ्यावेसे वाटले.

प्रथम चंद्राची चाल पाहू. गेल्या माघात आम्ही शेजारच्या चौघींनी महिनाभर गच्चीवरून चंद्र पाहून वहीत टिपणे केली. रात्री जिला जाग येईल तिने लिहायचे, असा नेम होता. द्वितीयेची कोर दौलताबादच्या बाजूला दिसली आणि सूर्यामागून लवकरच मावळली. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र दिवेलागणीला डोक्यावर होता, तो मध्यरात्र उलटल्यावर मावळला. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास चिकलठाण्याच्या बाजूने वर आला. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीनंतर उगवला आणि चतुर्दशीला पहाटे. चंद्र रोज सुमारे 13 अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणून त्याचा उदय रोज सरासरी 50 मिनिटे लांबतो. मात्र हा उशीर सर्व महिन्यांत सारखा नसतो. म्हणूनच आश्विनातली संकष्टी साडेआठच्या आतबाहेर सुटते आणि चैत्रातली दहा वाजवते.

सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी होते. चंद्र कधी जलद चालतो, कधी मंद. त्यामुळे तिथी कधी 20 तासांत संपते, तर कधी जवळजवळ 27 तास चालते. चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल त्या दिवशी संकष्टी. तेव्हा तिथीचे गणित तास-दोन तास चुकले, तर उपवासाचा दिवसच बदलू शकतो.

हे गणित आपल्या मुलखात फार जुने आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. तेथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे राजज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांनी मठ काढला आणि त्या मठाला चंद्रग्रहणाच्या पर्वावर दान मिळाले, असे त्यात कोरले आहे. ज्या दौलताबादवर आपण सहली नेतो, तेथील दरबारात असे विद्वान होते.

पुढे 1520 साली कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिले. गणित सोपे असल्याने महाराष्ट्रातली पंचांगे शेकडो वर्षे त्यांच्या ग्रंथांवर चालली. परंतु काळ लोटला तशी गणितात आणि आकाशात तफावत पडू लागली. ग्रहण सर्वांना दिसते, त्यामुळे ते चुकले तर लहान मूलही सांगेल. तिथी मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिची चूक झाकली जाई.

पुण्याचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 साली नवी कोष्टके मराठीत छापली आणि 1865 पासून त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघू लागले. यावर मोठा वाद माजला. जुन्या पक्षाचे म्हणणे ‘बाणवृद्धी रसक्षय’, म्हणजे साठ घटकांची तिथी फार तर पाच घटका वाढते व सहा घटका घटते. नवे गणित सात व दहा सांगे. घटका म्हणजे 24 मिनिटे. चार घटकांचा फरक म्हणजे दीड तासाहून अधिक. जुन्यांना तरी हट्टी कसे म्हणावे? श्राद्ध, एकादशी, व्रते सर्व तिथीवर. वाडवडिलांनी पाळलेला दिवस सोडायचा कसा, ही त्यांची खरी अडचण होती.

शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकाने 1896 साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत प्रसिद्ध केला. छत्र्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनीही आकाशाशी जुळेल तेच पंचांग खरे, हा पक्ष धरला. 1904 साली मुंबईस व 1920 साली सांगलीस त्यासाठी परिषदा भरल्या. तरी सारे एक झाले नाही. आजही अधिक महिना वेगळा पडला की टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी गणपती महिनाभर आधी येतात. स्वातंत्र्यानंतर सरकारने मेघनाद साहा यांची समिती नेमली आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सोलापूरचे दाते पंचांग आणि 1973 पासूनचे कालनिर्णय यांनी शुद्ध गणित घरोघर पोचवले.

आपल्या शहराची गोष्ट आणखी निराळी. निजामी अमलात कचेरीत फसली साल, मुसलमान शेजाऱ्यांचे हिजरी आणि आपले शके, असे तिन्ही चालत. शेजारणी ईदेचा चांद डोळ्यांनी पाहून महिना धरीत. एकच कोर दोन्ही घरांच्या गच्चीवरून पाहिली जाई.

एक उपयोगाची गोष्ट सांगते. मुंबईहून आपण अडीच अंश पूर्वेस आहोत. म्हणून चंद्र येथे सुमारे 10 मिनिटे आधी उगवतो. दिनदर्शिकेत आपल्या शहराची वेळ पाहावी, मुंबईची नव्हे. समोर उंच इमारत असेल तर तो उशिरा दिसेल, हा दोष पंचांगाचा नाही.

माझ्या मते या इतिहासात एक पान कोरे आहे. शास्त्री वाद घालीत होते तेव्हा दर संकष्टीला हजारो बायका आकाश पाहतच होत्या. पण त्यांनी पाहिलेले कोणी लिहून ठेवले नाही. आमची वही मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. पुढील वर्षभर प्रत्येक संकष्टीस तारीख, पंचांगातील वेळ व प्रत्यक्ष दिसल्याची वेळ एकेकीने त्यात लिहावी, अशी सर्व भगिनींना विनंती आहे.