घाटांतील शर्यत आणि एक आरोप

कोणत्याही मोठ्या उपक्रमाचा इतिहास चाळूं लागलें असतां त्याच्या आरंभीं बहुधा एक असा प्रश्न आढळतो, कीं जो त्या वेळीं कोणी मनावर घेतला नाहीं, पण ज्याचें उत्तर देणें पुढें कोणासही टाळतां आलें नाहीं. फ्रान्स व इटली या देशांतील सायकलींच्या महाशर्यती हा आमच्या पुष्कळ वाचकांस केवळ करमणुकीचा विषय वाटेल. परंतु त्यांचा घाटांतील इतिहास वाचतांना असाच एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. १९१० सालीं एका थकलेल्या माणसानें तो एकाच शब्दांत, आरोपाच्या रूपानें विचारला. त्या आरोपाचें पुढें काय झालें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम या शर्यतींचें मूळ ध्यानांत घेतलें पाहिजे. फ्रान्सची प्रदक्षिणा, म्हणजे ‘तूर द फ्रांस’, १९०३ सालीं सुरू झाली ती व्यायामाच्या प्रेमापेक्षां वृत्तपत्राच्या खपासाठीं. पॅरिस येथें ‘ल व्हेलो’ हें क्रीडापत्र जोरांत चाललें होतें आणि त्याच्याशीं स्पर्धा करणारें ‘लोतो’ मागें पडत होतें. सर्व देशाला वळसा घालणारी अनेक दिवसांची शर्यत भरवावी, ही कल्पना जेओ लफेव्र या तरुण बातमीदारानें सुचविली व संपादक आंरी देग्रांज यानें ती उचलली. युक्ति फळास आली. पुढल्याच वर्षीं प्रतिस्पर्धी पत्र बंद पडलें. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापलें जात असे आणि आघाडीवरील स्वारास १९१९ पासून जो सदरा मिळूं लागला तोही पिवळाच. इटलीची ‘जीरो’ ही शर्यत १९०९ सालीं ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या गुलाबी कागदाच्या पत्रानें काढली व १९३१ पासून तेथील अग्रेसराचा सदरा गुलाबी झाला. आज ज्यास आपण मानचिन्ह समजतों, त्याचा रंग मुळांत वृत्तपत्राच्या कागदाचा आहे.

वृत्तपत्राची भूक मोठी विलक्षण असते. कालची बातमी आज शिळी होते, म्हणून आजचा पराक्रम कालच्यापेक्षां मोठा असावा लागतो. सपाट रस्त्यांवरील शर्यत जुनी होऊं लागतांच संयोजकांची दृष्टि डोंगरांकडे वळली. १९१० सालीं फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतांतून मार्ग न्यावा, असा आग्रह देग्रांजचा सहकारी आल्फाँस स्तेनेस यानें धरला. पाहणीसाठीं तो स्वतः तुर्मालेच्या घाटांत गेला. हा घाट २११५ मीटर उंच, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या शिखराहूनही साडेचारशें मीटरांवर अधिक. माथ्याजवळ त्याची मोटार बर्फांत अडली. रात्रीच्या अंधारांत तो पायींच निघाला, वाट चुकला व मोठ्या हालांनीं पलीकडच्या गांवीं पोंचला. यानंतर त्यानें देग्रांजला तार केली, ती अशी कीं तुर्माले ओलांडला, रस्ता उत्तम आहे, जाण्यायेण्यास कांहीं अडचण नाहीं!

या तारेवर विसंबून २१ जुलै १९१० रोजीं लूशाँपासून बायोनपर्यंतचा ३२६ किलोमीटरांचा टप्पा ठरला. पेरसूर्द, आस्पँ, तुर्माले व ओबिस्क हे चार मोठे घाट एकाच दिवसांत ओलांडावयाचे होते. रस्ते म्हणजे खडी व चिखल यांच्या पायवाटा. ओबिस्कच्या घाटांत ओक्ताव लापीझ हा स्वार सायकल हातानें ढकलीत आला. तेथें उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहून त्यानें जो शब्द उच्चारला, तो फ्रेंच क्रीडेतिहासांत अजरामर झाला आहे: ‘खुनी!’ एवढें बोलून तो पुढें गेला. तो टप्पा त्यानेंच जिंकला आणि त्या वर्षींची सारी शर्यतही त्यानेंच जिंकली. आरोप करणाराच विजयी झाल्यामुळें आरोपाची धार बोथट झाली. पुढल्या वर्षीं संयोजकांनीं शर्यत आल्प्स पर्वतांतही नेली.

हा शब्द केवळ त्राग्याचा होता काय? याचा निर्णय करण्यापूर्वीं घाटांतील थंडी सायकलस्वारास कशी गांठते, हें पाहिलें पाहिजे. आपली सामान्य समजूत अशी कीं चढ अवघड व उतार सुखाचा. हवा वाईट असतां याच्या नेमकें उलट घडतें. चढतांना स्नायू राबत असतात, त्यामुळें अंगांत ऊब राहते; परंतु कपडे घाम व पाऊस यांनीं चिंब होतात. माथा ओलांडला कीं श्रम थांबतात आणि तेंच भिजलेलें अंग वेगाच्या वाऱ्यांत सांपडतें. बोटें बधिर होतात, गतिरोधक दाबला जात नाहीं, डोळे उघडे ठेववत नाहींत. ज्या घटकेस हात सर्वांत सावध हवेत, त्याच घटकेस ते आपले राहत नाहींत. शिवाय १९३७ पर्यंत या शर्यतींत गिअर बदलण्याच्या यंत्रास मज्जाव होता. चढ-उताराप्रमाणें दांत्यांचें चाक बदलावयाचें झाल्यास स्वारानें खालीं उतरून मागचें चाक काढावें व उलटें बसवावें, अशी रीत होती. गारठलेल्या बोटांनीं हें काम कसें होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

६ जुलै १९२६ रोजीं हें सर्व एकत्र आलें. टप्पा तोच, ३२६ किलोमीटरांचा. दिशा मात्र उलटी, बायोनहून लूशाँकडे. स्वार अंधारांतच निघाले आणि डोंगरांत शिरतां शिरतां पाऊस, धुकें व बर्फासारखा गार वारा यांनीं त्यांस घेरलें. बेल्जमचा लूसियाँ ब्युस हा सर्वांच्या आधीं लूशाँस पोंचला, तेव्हां त्यास १७ तास १२ मिनिटें लागलीं होतीं. दुसरा स्वार पंचवीस मिनिटांनीं आला. याच शर्यतीच्या आरंभीं ब्युसला आपली लहान मुलगी वारल्याची वार्ता मिळाली होती आणि घरच्यांच्या इच्छेवरून तो शर्यतींत राहिला होता. ती शर्यत त्यानेंच जिंकली. इकडे लूशाँस रात्र पडली तरी कित्येक स्वारांचा पत्ता नव्हता. त्यांच्या शोधासाठीं मोटारी परत घाटांत पाठवाव्या लागल्या. संयोजकांस स्वतःचेच कालमर्यादेचे नियम त्या दिवशीं सैल करावे लागले. लापीझच्या आरोपाची ही पहिली मूक कबुली होती, असें आम्हांस वाटतें.

परंतु कबुली निराळी व सुधारणा निराळी. ८ जून १९५६ रोजीं इटलींतील मोंते बोंदोने या पर्वतावर हिमवृष्टींत जीरोचा टप्पा झाला. गुलाबी सदरा अंगावर असलेल्या पास्क्वाले फोर्नारानें शर्यत सोडली व त्याच्याप्रमाणें आणखी कित्येकांनीं. लक्झेंबर्गचा शार्ली गोल पहिला आला आणि सोळा मिनिटांची पिछाडी भरून काढून शर्यतीचा धनी झाला; पण शेवटीं त्यास उचलूनच न्यावें लागलें व अंगावर गोठलेले कपडे कापून काढावे लागले. ५ जून १९८८ रोजीं गाव्हिया घाटांत पुन्हां तेंच झालें. २६०० मीटरांहून उंच असा हा घाट. माथ्यावर हिमवर्षाव चालू असल्याचें ठाऊक असूनही संयोजक व्हिंचेंझो तोरियानी यानें टप्पा रद्द केला नाहीं. हॉलंडचा योहान व्हान डर व्हेल्डे हा आंखूड बाह्यांच्या सदऱ्यांतच माथ्यावर पहिला पोंचला. परंतु उतारावर थंडीनें असा गळाला, कीं आसरा घ्यावा लागून पाऊण तासाहून अधिक मागें पडला. अमेरिकेच्या अँडी हँप्स्टनच्या चमूनें सकाळींच दुकानांतून हिवाळी कपडे खरेदी केले होते व वाटेंत गरम चहाची सोय केली होती. तो दुसरा आला, पण शर्यतीची आघाडी त्यास मिळाली व पुढें ती त्यानें शेवटपर्यंत राखली. त्या दिवशीं धैर्याइतकेंच लोंकरीच्या हातमोज्यांनींही काम केलें, हें विसरतां कामा नये.

येथें दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही न्यायानें मांडलें पाहिजे. तो म्हणतो, कष्ट हाच या शर्यतीचा प्राण आहे. बर्फ वगळलें तर गोल कोण आणि हँप्स्टन कोण? शिवाय स्वार कोणाचे वेठबिगार नव्हते. ते आपल्या खुषीनें व पैसे घेऊन धांवत होते. यांत तथ्य नाहीं, असें आम्ही म्हणणार नाहीं. ब्युसच्या १७ तासांची हकीकत वाचतांना आमचेंही मन भरून आलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु शौर्य स्वाराचें असतें आणि हुकूम दुसऱ्याचा असतो, हा भेद सुटतां उपयोगी नाहीं. ज्याचें पोट शर्यतीवर अवलंबून आहे, त्याची खुषी किती मोकळी असते? आणि जो बंद मोटारींतून मागोमाग जातो, किंवा आमच्यासारखा घरांत बसून हकीकत वाचतो, त्यास दुसऱ्याच्या गोठलेल्या बोटांवर आपल्या कौतुकाचा हक्क सांगतां येईल काय? लापीझचा शब्द अधिकाऱ्यांस उद्देशून होता खरा, पण त्याचा कांहीं अंश वाचकांच्याही वांट्यास येतो.

उत्तर हळूहळू आलें. १९९६ सालीं आल्प्समधील बर्फ व वारा पाहून सेस्त्रियेरचा टप्पा अवघ्या ४६ किलोमीटरांवर आणण्यांत आला. २०१५ सालीं सायकलींच्या जागतिक संघानें विषम हवामानासंबंधीं नियम ठरविले. रस्त्यावर बर्फ सांचल्यास, गोठणारा पाऊस, प्रचंड वारा किंवा दृष्टीआड करणारें धुकें असल्यास संयोजक, वैद्य, चमूंचे प्रतिनिधि व स्वारांचे प्रतिनिधि यांनीं एकत्र बसून विचार करावा, असें त्यांत आहे. ज्याच्या जिवावर खेळ चालतो, त्याचा शब्द त्या बैठकींत ऐकला जावा, ही यांतील खरी नवी गोष्ट होय.

२६ जुलै २०१९ रोजीं इझराँ घाटाच्या पलीकडे गारा पडल्या व दरड कोसळून रस्ता बंद झाला. तेव्हां उतारावर धांवत असलेल्या स्वारांस मोटारींतील अधिकाऱ्यांनीं स्वतः थांबविलें. माथ्यावरील वेळ प्रमाण मानण्यांत आला आणि कोलंबियाचा एगन बर्नाल अंतिम रेषा न गांठतां आघाडीवर आला. दोन दिवसांनीं पॅरिसांत शर्यतही त्यानेंच जिंकली. त्यामुळें त्याचा विजय उणा ठरला, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्या आरोपाचें हें उत्तर होतें, तो लापीझ पहिल्या महायुद्धांत वैमानिक म्हणून लढतांना १९१७ च्या जुलै महिन्यांत मारला गेला होता.