हात डोक्यावर नेण्याचा इतिहास : स्तनकर्करोगाची शस्त्रक्रिया आणि खांद्याचे व्यायाम

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा गाठ, ग्रंथी आणि आयुर्मान यांच्या भाषेत सांगितला जातो. त्याच इतिहासाला खांद्याचीही एक बाजू आहे. शस्त्रक्रियेनंतर स्त्रीला आपला हात डोक्यापर्यंत नेता येतो की नाही, हा प्रश्न काटेकोरपणे मोजण्याजोगा आहे हे वैद्यकशास्त्राच्या ध्यानात यायला फार काळ जावा लागला.

१८८२ मध्ये अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी 'रॅडिकल मास्टेक्टॉमी' ही शस्त्रक्रिया सुरू केली आणि १८९४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी हे सारे एकसंध काढून टाकणे, हे तिचे सूत्र होते. त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण त्यामुळे पुष्कळ घटले. तथापि हाताची हालचाल मर्यादित होई आणि अनेकींचा हात कायमचा सुजे. यावर हॉल्स्टेड यांचा युक्तिवाद असा होता की, जिवापुढे हाताचे अपंगत्व क्षुल्लक आहे. शिवाय हे रुग्ण उतारवयाचे असून समाजात फारसे क्रियाशील नाहीत. त्यांनी सांगितलेले सरासरी वय जेमतेम पंचावन्न होते. पुढे १९२१ मध्ये हाताच्या सुजेवर त्यांनीच स्वतंत्र लेख लिहिला आणि तिला शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग असे नाव दिले.

हात का आखडतो, हे समजून घेतले म्हणजे व्यायामाचे प्रयोजन कळते. छातीवरची त्वचा ताणून शिवलेली असते. जखम भरताना तयार होणारा व्रण आकसतो. वेदनेमुळे रुग्ण हात अंगाशी धरून ठेवते आणि न हललेल्या खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण ताठर होत जाते. काहींच्या काखेतून दंडाकडे त्वचेखाली ताणलेल्या दोऱ्या दिसू लागतात. किरणोपचारामुळे ऊती आणखी कठीण होऊ शकतात. आणखी एक अडचण अशी की, छातीवर किरणोपचार देताना हात सामान्यतः डोक्यावर धरावा लागतो. खांदा उचलता येत नसेल, तर पुढचा उपचारच अडतो.

या प्रश्नाला सार्वजनिक वाचा फोडली ती एका रुग्ण स्त्रीने. न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर यांच्यावर १९५२ मध्ये रॅडिकल मास्टेक्टॉमी झाली. हाताचे पुढे काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही. बऱ्या झाल्यावर त्या इतर रुग्णांच्या खाटांपाशी जाऊन व्यायाम दाखवू लागल्या. अनेक शल्यविशारदांना हे रुचले नाही. तरीही 'रीच टू रिकव्हरी' हे त्यांचे काम वाढत गेले आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्या छत्राखाली घेतले. भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणे, दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर नेणे, दोरीच्या साहाय्याने हात वर ओढणे, हे साधे प्रकार आजही भौतिकोपचारात शिकवले जातात.

दरम्यान शस्त्रक्रियाही बदलत होती. लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी १९४८ मध्ये छातीचा मोठा स्नायू राखणाऱ्या पद्धतीचे निष्कर्ष मांडले. बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू केलेल्या चाचणीने आणि उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या मिलानमधील चाचणीने दाखवून दिले की, योग्य रुग्णांत कमी कापूनही आयुर्मान घटत नाही. १९९० च्या दशकात काखेतील मोजक्याच ग्रंथी तपासण्याचे तंत्र आले. हानी कमी झाली, पण नाहीशी झाली नाही.

मग व्यायामांचीच परीक्षा सुरू झाली. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात २४ अभ्यास आणि २१३२ सहभागी होते. लवकर सुरू केलेल्या व्यायामाने खांद्याची हालचाल अधिक सुधारते, मात्र जखमेतील स्राव वाढतो व नळी अधिक दिवस ठेवावी लागते, असे त्यात आढळले. सुजलेल्या हाताने वजन उचलू नये, या जुन्या समजुतीलाही धक्का बसला: २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या १४१ स्त्रियांच्या चाचणीत देखरेखीखालील, क्रमाने वाढवलेल्या वजनांनी सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. २०२१ मध्ये ब्रिटनच्या १७ केंद्रांतील ३९२ स्त्रियांवरील 'प्रॉस्पर' चाचणी प्रसिद्ध झाली. खांद्याच्या तक्रारीचा धोका अधिक असलेल्या या स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी भौतिकोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम सुरू करून दिला होता. वर्षभरानंतर त्यांचे हात केवळ माहितीपत्रक मिळालेल्या स्त्रियांपेक्षा अधिक कार्यक्षम होते.

भारताच्या दृष्टीने ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ साठीचा नव्या रुग्णांचा जागतिक अंदाज भारतापुरता सुमारे १ लाख ९२ हजारांचा होता. आपल्याकडे अनेक रुग्ण रोग वाढल्यावर पोहोचतात, म्हणून काखेची मोठी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही वारंवार लागतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आणि चेन्नईतील अड्यारची कर्करोग संस्था १९५४ पासून कार्यरत आहे. अशा मोठ्या केंद्रांत दूरच्या राज्यांतून आलेली स्त्री शस्त्रक्रियेनंतर गावी परतते, तेव्हा भौतिकोपचारतज्ज्ञ मागे शहरातच राहतो. तिच्यासाठी हात म्हणजे वेणी घालणे, उंच फळीवरचा डबा काढणे, भाताची लावणी करणे, डोक्यावरच्या घागरीला आधार देणे होय. हॉल्स्टेड यांना क्षुल्लक वाटलेले हेच अपंगत्व तिची मजुरी बुडवते.

म्हणूनच व्यायामाचे शिक्षण हे शस्त्रक्रियेचे परिशिष्ट नसून तिचाच भाग मानायला हवे. ते शस्त्रक्रियेपूर्वी, तिच्या भाषेत आणि प्रत्यक्ष करून दाखवून दिले जावे. कोणता प्रकार केव्हा सुरू करायचा, हे मात्र जखम, नळी आणि पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झाली आहे की नाही, यांवर अवलंबून असल्याने उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनीच ठरवावे. भिंत आणि काठी प्रत्येक घरात असते. ती कशी वापरायची हे सांगणारे माणूस प्रत्येक स्त्रीपर्यंत पोहोचवणे, हे काम अजून पुरे व्हायचे आहे.