अधिक मासाचा वाद : ग्रहलाघव ते टिळक पंचांग

मराठी पंचांगातील बहुतेक सण चंद्राच्या तिथींवर येतात, पण त्यांचे ऋतू सूर्य सांभाळतो. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून जवळजवळ 11 दिवसांनी तोकडे असल्याने, ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत (एका राशीतून दुसरीत प्रवेश) होत नाही, तो मास अधिक मानून ही तूट साधारण 33 महिन्यांनी भरून काढतात. एरवी दिवाळी मागे सरकत भर पावसाळ्यात गेली असती.

हे गणित महाराष्ट्रात शतकानुशतके झाले ते कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथावरून, म्हणजे सिद्धांताची उपपत्ती बाजूला ठेवून ग्रहस्थिती काढून देणाऱ्या ग्रंथावरून. शके 1442 (इ.स. 1520) हे आरंभवर्ष धरून त्यांनी ज्या-चापांचे किचकट गणित टाळले आणि 4016 दिवसांचे, सुमारे 11 वर्षांचे, चक्र कल्पून दिवसगणनेचे ओझे हलके केले. गावोगावच्या जोशांना हे गणित पेलले, यातच त्यांची थोरवी आहे. मात्र काळाबरोबर त्यातील सूक्ष्म चुका साचत गेल्या आणि गणिताने आलेली ग्रहस्थिती आकाशाशी जुळेनाशी झाली.

केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळाने शके 1787 (इ.स. 1865) पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले, ते पटवर्धनी पंचांग. वेध घ्यावेत याबद्दल पुढे फारसे दुमत उरले नाही. खरा तंटा राशिचक्राच्या आरंभबिंदूचा होता. केरोपंतांनी तो रेवतीच्या एका ताऱ्याशी बांधला, तर दुसरा पक्ष चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू धरतो, आणि दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. हे अंतर किरकोळ मानणे चूक ठरेल, कारण तेवढे अंश चालायला सूर्याला चारेक दिवस लागतात, रेवतीपक्षात संक्रांती तितक्या आधी येतात आणि अमावास्येच्या आसपासची एखादी संक्रांत लगतच्या मासात गेली की अधिक मासच बदलतो. मग मधल्या काळातील सण दोन पंचांगांत चक्क एका महिन्याने वेगळे पडतात.

केरोपंतांचे शिष्य बाळ गंगाधर टिळक यांनी रेवतीपक्ष उचलून धरल्याने त्या परंपरेला टिळक पंचांग हे नाव मिळाले. या प्रश्नावर मुंबईत 1904, पुण्यात 1917 व सांगलीत 1920 मध्ये ज्योतिषसंमेलने भरली, तरी एकमत झाले नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून 1957 मध्ये भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका आली आणि सणांच्या गणितासाठी चित्रापक्षाच्या जवळचे मान स्वीकारले गेले. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत मात्र मकरसंक्रांत आजही 10 जानेवारीच्या सुमारास येते.