वन्समोअरपासून कच्च्या संकलनापर्यंत : गाण्याला मिळणारा प्रेक्षकांचा कौल

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कापूरहोळ मागे पडल्यावर आणि नीरा नदीचा पूल येण्यापूर्वी लागणारे किकवी हे भोर तालुक्यातले गाव करमणुकीच्या दोन मोठ्या परंपरांच्या मधोमध वसलेले आहे. उत्तरेला संगीत नाटकाचे आणि पुढे चित्रपटाचे केंद्र झालेले पुणे आहे, तर दक्षिणेला पठ्ठे बापूरावांसारखा शाहीर ज्या मातीत जन्मला तो जुन्या सातारा जिल्ह्याचा मुलूख आहे. या पट्ट्यातला विद्यार्थी आज महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून एखाद्या गाण्याचा व्हिडिओ तयार करतो, तेव्हा त्याचे कच्चे संकलन, म्हणजे दृश्ये ढोबळ क्रमाने जोडलेली पण अजून पक्की न केलेली प्रत, तो काही जणांना दाखवतो आणि त्यांच्या प्रतिसादानुसार तीत फेरफार करतो. ही रीत माध्यमशिक्षणाबरोबर नव्याने आली असा समज असला, तरी लोकांसमोर गाणे ठेवून ते दुरुस्त करण्याचा व्यवहार या भागात त्याहून कितीतरी जुना आहे; बदलत गेले ते एवढेच, की कौल कोण देतो, तो कोणत्या टप्प्यावर मिळतो आणि तो मिळाल्यानंतर हाती काय उरते.

तमाशात हा कौल तिथल्या तिथे मिळत असे. गण, गवळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने रंगणाऱ्या खेळात सोंगाड्या, म्हणजे हजरजबाबी विनोदी नट, समोरच्या गर्दीतून आलेला शेरा उचलून पुढचे वाक्य त्यावरच बांधत असे, त्यामुळे एका गावात हशा मिळवणारी जागा दुसऱ्या गावात थंड गेली, तर तिसऱ्या गावी ती गाळली जाई किंवा निराळ्या ढंगाने येई. लावणीच्या बाबतीत मात्र प्रतिसादाला पैशाचे रूप होते. दौलतजादा या प्रथेत प्रेक्षक नोट पुढे करतो, फडातला माणूस देणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारतो आणि त्याच्या फर्माइशीची लावणी किंवा तिचे एखादे कडवे पुन्हा सादर होते. या व्यवहाराकडे केवळ रसिकतेची पावती म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल, कारण ज्याच्या खिशात नोट आहे त्याचीच आवड फडाच्या कानी पोहोचत असे. मागे जमिनीवर बसलेल्या गड्याची किंवा कनातीबाहेर उभे राहून ऐकणाऱ्यांची आवड त्यात मोजली जात नसे. शिवाय नाव पुकारले जाण्याच्या हौसेने दिलेली दाद गाण्याला होती की देणाऱ्याच्या प्रतिष्ठेला, हे फडाच्या मालकालाही छातीठोकपणे सांगता आले नसते. त्या मानाने सुपारीचा, म्हणजे खेळ ठरवण्याच्या कराराचा, कौल संथ पण अधिक भरवशाचा होता. गावोगावचे यात्रेचे पंच चैत्राच्या सुमारास नारायणगावला उभ्या राहणाऱ्या फडांच्या राहुट्यांवर जाऊन खेळाचा करार करीत, आणि गेल्या यात्रेत ज्या फडाने निराशा केली त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे त्यांना काही कारण नसे.

संगीत नाटकात दुरुस्तीची संधी एका प्रयोगाकडून दुसऱ्या प्रयोगाकडे सरकली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो पहिल्या चार अंकांचाच होता, आणि १८८२ च्या नोव्हेंबरात ‘सौभद्र’ही प्रथम तीन अंकांपुरतेच रंगमंचावर आले; उरलेले अंक प्रेक्षकांसमोर आले तेव्हा आधीच्या अंकांचा अनुभव नाटककार, नट आणि प्रेक्षक या तिघांच्याही गाठीशी होता. पुढे बालगंधर्वांच्या काळात ‘वन्समोअर’ची, म्हणजे तेच पद पुन्हा म्हणायला लावण्याची, प्रथा इतकी बळावली की रात्री सुरू झालेली नाटके पहाटेपर्यंत चालत. या मागणीने गाणे निःसंशय फुलले, कारण प्रत्येक पुनरावृत्तीत नवी जागा घेण्याची गायकावर सक्तीच होती. पण त्याच मागणीने नाटकाचे कथानक खिळखिळे केले. प्रेक्षकांचे ऐकून एक अंग सुधारावे आणि दुसरे बिघडावे याचे यापेक्षा ठळक उदाहरण मराठी कलाव्यवहारात क्वचितच सापडेल.

या अतिरेकाला उत्तर देणाऱ्यांमध्ये केशवराव भोळे यांचे स्थान वेगळे आहे, कारण ते संगीतकार असण्याबरोबरच ‘एकलव्य’ या टोपणनावाने गायक-गायिकांच्या गाण्याची चिकित्सा करणारे लेखकही होते, म्हणजे श्रोत्याच्या खुर्चीत बसून कान तयार झालेले संगीतकार होते. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने रंगमंचावर आणलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकासाठी त्यांनी मोजकी, प्रसंगाला धरून येणारी पदे दिली. त्यानंतर प्रभात फिल्म कंपनीत ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘कुंकू’ (१९३७) यांचे संगीत त्यांनी केले. ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम यांनी रूढ पार्श्वसंगीत टाळून दृश्यातल्या खऱ्याखुऱ्या आवाजांवर भर दिला, त्यामुळे पडद्यावर दिसते त्यातूनच नाद उमटतो ही कल्पना मराठी प्रेक्षकांच्या अंगवळणी पडू लागली. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेली एक रचना तर लोकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून स्वीकारली, आणि कोणत्याही कवीला यापेक्षा मोठी आणि यापेक्षा अडचणीची दाद मिळणे कठीण.

चित्रपटाने मात्र प्रेक्षक आणि दुरुस्ती यांच्यात एक भिंत उभी केली. प्रती निघून गावोगावच्या तंबूत पोहोचल्या की यात्रेतल्या गर्दीने कितीही आरडाओरडा केला, तरी पडद्यावरची नायिका कडवे पुन्हा म्हणणार नव्हती. म्हणून कौल घ्यायचाच तर तो प्रत निघण्यापूर्वी घेणे भाग होते. प्रभातच्याच जागेत १९६० साली चित्रपटाच्या शिक्षणाची शासकीय संस्था सुरू झाली, आणि छायाचित्रित झालेले तुकडे, ज्यांना ‘रशेस’ म्हणतात, सहाध्यायी आणि अध्यापक यांच्यासमोर पाहून त्यांवर चर्चा करणे हा तिथल्या शिक्षणाचा भाग झाला. फिल्म महाग होती आणि कापलेली पट्टी पुन्हा जोडावी लागे, त्यामुळे विद्यार्थी प्रत्येक सूचनेवर कात्री चालवण्याआधी दहादा विचार करीत.

संगणकावरच्या संकलनाने हा खर्च जवळजवळ नाहीसा केला आणि दुरुस्ती पुन्हा तमाशाइतकी सोपी झाली, पण तमाशाचे जुने दोषही तिच्याबरोबर परतले. किकवीतल्या विद्यार्थ्याचे पहिले प्रेक्षक त्याचे मित्र आणि भाऊबंद असतात, आणि ‘भारी झालंय’ ही त्यांची दाद दौलतजादेसारखीच नात्यागोत्याच्या हिशेबात बुडालेली असते. अधिक उपयोगाचे असते ते न विचारता मिळणारे उत्तर : दुसऱ्या कडव्याच्या आधीच्या वाद्यमेळाच्या तुकड्यात पाहणाऱ्यांपैकी निम्मे जण चुळबुळ करू लागले किंवा त्यांचे डोळे मोबाइलकडे वळले, तर त्या जागी काहीतरी सैल आहे एवढे निश्चित होते. तिथे दृश्य तोकडे करायचे, ठेक्यावर कट आणायचा की ते वाद्यच काढून टाकायचे, हे मात्र प्रेक्षक सांगत नाही आणि त्याने सांगितले तरी ते बहुधा चुकीचेच असते; ‘सौभद्र’च्या प्रेक्षकांनीही पद पुन्हा मागितले होते, चौथा अंक कसा लिहावा हे किर्लोस्करांना कुणी सांगितले नव्हते.