पुसलेल्या फितींचा इतिहास

बालपणी आवडलेली मालिका प्रौढ वयात पुन्हा पाहावी ही इच्छा आज इतकी स्वाभाविक झाली आहे की, ती पुरी व्हायची तर मधल्या काळात कोणीतरी ती मालिका जपून ठेवलेली असावी लागते, ही अट आपल्या ध्यानातही येत नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालेचा पूर्वेतिहास म्हणजे या विस्मृत अटीचाच इतिहास होय.

केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, या मालेचा पहिला भाग प्रक्षेपित झाला. निर्मातीपदी व्हेरिटी लॅम्बर्ट ही तरुण स्त्री होती आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौमध्ये जन्मलेल्या वारिस हुसेन यांच्याकडे होते. पोलिसांच्या निळ्या पेटीत बसून काल आणि अवकाश यांत यथेच्छ संचार करणाऱ्या त्या विक्षिप्त डॉक्टरने इंग्लंडातील मुलांना शनिवारी सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर खिळवून ठेवले, आणि १९६९ पर्यंत २५३ भाग प्रक्षेपित झाले.

हे भाग दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होत. फीत महाग, परंतु पुसून पुन्हा वापरता येण्याजोगी. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा. शिवाय रंगीत चित्रवाणी आल्यावर कृष्णधवल मालाला गिऱ्हाईक उरणार नाही ही सार्वत्रिक खात्री. अशा स्थितीत फिती पुसण्याचे हुकूम सुटले, त्यामागे द्वेषबुद्धी नसून केवळ कारकुनी काटकसर होती. परदेशी विक्रीसाठी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर काढलेल्या नकलाही हक्कांची मुदत सरताच नष्ट होऊ लागल्या, कारण फितींचा कारभार एका खात्याकडे, फिल्मचा दुसऱ्याकडे, आणि सर्व काही राखून ठेवण्याची जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी तेथील व्यवस्था होती. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला. तथापि त्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग आजही बेपत्ता आहेत. त्या सर्वांचा ध्वनी मात्र शाबूत आहे, आणि त्याचे श्रेय घरच्या घरी टेपरेकॉर्डरवर ते संवाद उतरवून घेणाऱ्या प्रेक्षकांना आहे.

परदेशी धाडलेल्या नकलांपैकी काही पुढे सापडल्या, आणि स्मृतीची परीक्षा झाली. सायबरमन नामक यंत्रमानवांच्या समाधिस्थानाची १९६७ ची कथा पाहणाऱ्यांच्या मनात अद्वितीय होऊन बसली होती. हाँगकाँगहून ती परतली आणि १९९२ मध्ये विक्रीस आली, तेव्हा पात्राला उचलून धरणारी तार आता मोठ्या झालेल्या प्रेक्षकांच्या नजरेतून सुटली नाही. मात्र मृत कुटुंबीयांच्या आठवणीविषयी डॉक्टर आपल्या तरुण सोबतिणीशी जे शांतपणे बोलतो, त्याचे मोल त्यांना याच वयात कळू शकत होते. याउलट ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा तिच्या उरलेल्या एकमेव संथ भागावरून सामान्य ठरविली गेली होती. परंतु नायजेरियात मिळाल्याचे २०१३ मध्ये जाहीर झालेल्या नऊ भागांत तिचे उर्वरित पाचही भाग निघाले, आणि डॉक्टर व हुकूमशहा अशा दोन्ही भूमिका लीलया वठविणाऱ्या पॅट्रिक ट्राउटनमुळे तिची गणना उत्तम कथांत होऊ लागली.

बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागद श्रेष्ठ, हा इतिहासाचार्य राजवाडे यांचा दंडक येथेही लागू पडतो, कारण बालपणीची आवड ही एक बखरच असते: तीत जिव्हाळा भरपूर, तपशील मात्र संशयास्पद. तिचा खरा न्याय मूळ दस्तऐवज समोर ठेवूनच करता येतो, आणि तो दस्तऐवज राखण्याचे कर्तव्य प्रेक्षकाच्या स्मृतीचे नसून प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या दफ्तराचे आहे.