जबाब कोणाचा?

१९२९ हे वर्ष जागतिक मंदीच्या प्रारंभाचे म्हणून आपण लक्षात ठेवतो. रेल्वेच्या इतिहासात त्या वर्षी दोन महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. एक मॉस्कोत, दुसरी आपल्याकडे. त्यांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही त्या शेजारी ठेवून वाचल्या, तर साहित्याच्या अभ्यासकाला जवळचा वाटावा असा एक प्रश्न पुढे येतो : आरोपीच्या नावावर असलेल्या संहितेचा लेखक कोण?

मॉस्कोतील घटना निकोलाय फॉन मेक यांची. चायकोव्हस्की या संगीतकाराला वर्षानुवर्षे आर्थिक आधार देणाऱ्या नादेझ्दा फॉन मेक यांचे हे चिरंजीव. क्रांतीपूर्वी ते मॉस्को-कझान रेल्वेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. क्रांतीनंतर अनेक धनिक देश सोडून गेले. फॉन मेक राहिले आणि नव्या राजवटीच्या रेल्वे खात्यात तज्ज्ञ म्हणून काम करू लागले. १९२८ साली शाख्ती येथील खाणींच्या इंजिनिअरांवर जाहीर खटला चालला आणि जुन्या पिढीचा प्रत्येक तंत्रज्ञ संशयाच्या छायेत आला. फॉन मेकही पकडले गेले. मे १९२९ मध्ये त्यांना पालचिन्स्की व वेलिच्को यांच्यासह गोळ्या घालण्यात आल्या. जाहीर खटला झालाच नाही. शिक्षा झाल्यावर वर्तमानपत्रांतून बातमी तेवढी आली.

सोल्झेनित्सिन यांनी ‘गुलाग आर्किपेलागो’मध्ये (१९७३) या प्रकरणाचा मथितार्थ सांगितला आहे. मालगाड्यांवरील भार वाढवावा, असे फॉन मेक यांचे मत होते. गुप्त पोलिसांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की रूळ आणि डबे झिजवून देशाची वाहतूक खिळखिळी करण्याचा हा डाव आहे. पुढे १९३५ साली कागानोविच रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी भार वाढवण्याचाच आदेश दिला. तेव्हा ज्या इंजिनिअरांनी रुळांच्या क्षमतेची मर्यादा दाखवून दिली, त्यांना ‘मर्यादावाले’ ठरवून शत्रूंच्या यादीत घालण्यात आले. भार वाढवा म्हणणारा घातपाती आणि वाढवू नका म्हणणाराही घातपातीच. रूळ तेच, भाराचे गणितही तेच; वाक्याचा अर्थ ठरवण्याचा अधिकार मात्र वाक्य उच्चारणाऱ्याकडे उरला नव्हता.

हा अधिकार हिरावून घेण्याचे ठिकाण म्हणजे तपासाची खोली. सोव्हिएत पद्धतीत जबाब प्रश्नोत्तराच्या रूपात असे. आरोपीला झोपू न देता रात्रीमागून रात्री प्रश्न विचारले जात. उत्तरे तपास-अधिकारी आपल्या शब्दांत उतरवी आणि आरोपीने त्याखाली सही करायची. ‘चूक’, ‘अंदाज’, ‘मतभेद’ हे इंजिनिअरच्या रोजच्या व्यवहारातले शब्द. कागदावर त्यांचे ‘घातपात’, ‘कट’, ‘हेरगिरी’ होई. निवेदन प्रथमपुरुषी, पण त्यातला ‘मी’ दुसऱ्याने लिहिलेला. १९३० च्या ‘इंडस्ट्रियल पार्टी’ खटल्यात प्रा. रामझिन यांनी असा कबुलीजबाब भर न्यायालयात दिला. त्यांची फाशी रद्द झाली आणि १९४३ साली त्यांना स्टालिन पारितोषिकही मिळाले. फॉन मेक आणि त्यांचे सहकारी कबुलीला तयार झाले नाहीत म्हणूनच त्यांचा जाहीर खटला टळला, असे सोल्झेनित्सिन यांचे सांगणे आहे.

आता आपल्याकडे वळू. आमच्या हिंगण्याला जवळचे मोठे स्थानक नागपूर. तिथे मुंबईहून भुसावळमार्गे येणारा लोहमार्ग तेव्हा जी. आय. पी. रेल्वेचा होता. या रेल्वेच्या कामगार संघटनेत काम करणारे केशव नीळकंठ जोगळेकर यांना २० मार्च १९२९ रोजी अटक झाली. त्यांच्यासोबत डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, ठेंगडी आणि देशभरातील इतर कार्यकर्ते होते. आरोप बादशहाचे सार्वभौमत्व हिरावण्याच्या कटाचा. खटला मेरठला चालवला, कारण मुंबई-कलकत्त्यात ज्यूरी मिळाली असती. निकाल लागायला जानेवारी १९३३ उजाडला; त्याआधीच ठेंगडी वारले होते. जोगळेकरांना बारा वर्षांची शिक्षा झाली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बहुतेकांच्या शिक्षा खूप कमी केल्या.

हा न्याय नव्हता. सुमारे चार वर्षे माणसे डांबून ठेवणे हीच शिक्षा होती. पण एक फरक नोंदवलाच पाहिजे. मेरठच्या आरोपींनी आपली निवेदने स्वतः रचली. दिवसचे दिवस चाललेल्या त्या निवेदनांत त्यांनी साम्राज्यावरच आरोप ठेवले आणि ते न्यायालयाच्या दप्तरात नोंदले गेले. त्यांतील कम्युनिस्टांना सोव्हिएत रशिया आदर्श वाटत होता. ज्या काळात ते पिंजऱ्यातून आपला शब्द आपला म्हणून मांडत होते, त्याच काळात त्यांच्या आदर्श देशात इंजिनिअरांचे शब्द तपास-अधिकारी लिहीत होते. हे आपल्या डाव्या परंपरेला कमीपणा आणण्यासाठी आम्ही सांगत नाही. पण ही विसंगती टाळून तो इतिहास शिकवताही येणार नाही.

मात्र या फरकाचे श्रेय इंग्रजांच्या उदारतेला देऊन थांबणेही चुकीचे ठरेल. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. पोलिसांच्या खोलीत कबुली कशी मिळते, याची पुरती जाण असल्यानेच ही तरतूद आली. स्वतंत्र भारताने ती जपली. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात ती कलम २३ मध्ये आहे. परंतु ‘टाडा’ (१९८७) आणि ‘पोटा’ (२००२) या कायद्यांनी अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरली. ते दोन्ही कायदे आज अस्तित्वात नाहीत. महाराष्ट्राच्या ‘मकोका’तील (१९९९) तशीच तरतूद मात्र कायम आहे.

साहित्याचे विद्यार्थी आत्मचरित्रातील ‘मी’ची चिकित्सा करतात, निवेदक आणि लेखक यांत भेद करायला शिकतात. हीच शिस्त जबाबाच्या कागदालाही लावायला हवी, असे आम्हांला वाटते. सही खरी असते, तारीखही खरी असते. सहीच्या वरचा मजकूर कोणी रचला, हे विचारणे वाचकाचे काम आहे.