लखोबा ते खोके : पक्ष सोडणाऱ्याला आपण दिलेली नावं

मागच्या लगीनसराईत आपल्या सेनगाव तालुक्यातल्या एका गावात पंगतीला बसलो होतो. समोरच्या रांगेत एक जुना शाखाप्रमुख. त्याचं नाव सांगत नाही, गावही नाही. २०२२ च्या जुलैमध्ये नेता तिकडं गेला म्हणून हाही गेला. बुंदी वाढणारं एक पोरगं मोठ्यानं ओरडलं, "खोक्यावाल्याला दोनदा वाढा रे!" अख्खी पंगत हसली. तोही हसला, पण पुढचा घास काही त्याच्या तोंडात गेला नाही. बाहेर हात धुताना मला म्हणला, "भाऊ, खोकं तर सोडाच, त्या दिवशी हिंगोलीला गेलो तर गाडीतलं पेट्रोलबी माझ्याच खिशातलं होतं."

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी आमच्या धंद्यातली गोष्ट. पेपरात पक्ष सोडणाऱ्यांसाठी ठरलेले शब्द असतात. तिकीट नाकारलं आणि अपक्ष फॉर्म भरला की तो 'बंडखोर'. जरा लाडात लिहायचं तर 'बंडोबा'. अर्ज मागे घेतला की 'थंडोबा'. दुसऱ्या पक्षानं नेला तर 'गळाला लागला'. सभापतीच्या निवडीआधी सदस्य गायब झाले की 'अज्ञात स्थळी रवाना', आणि ते अज्ञात स्थळ कोणतं हे बसस्टँडवरच्या पानवाल्यालासुद्धा माहीत असतं. बाहेरून आणून उभा केलेला तो 'आयात उमेदवार', आणि त्याच्यामुळं ज्याचं तिकीट गेलं तो 'निष्ठावंत'. सगळ्यात गोड शब्द मात्र परत येणाऱ्यासाठी राखून ठेवलेला: 'स्वगृही परतले'. म्हणजे मधली पाच वर्षं माणूस जणू पाहुणचाराला गेला होता.

हे सगळे शब्द तसे निरुपद्रवी. 'गद्दार' हा शब्द तसा नाही, आणि तो आजचाही नाही.

आपल्याकडं या शब्दाची मुळं स्वराज्याच्या काळात जातात. तेव्हाचा शब्द फितूर, फितवा. खंडोजी खोपडे अफजलखानाला जाऊन मिळाला, पुढं सापडला. कान्होजी जेध्यांनी रदबदली केली म्हणून जीव वाचला, पण शिवाजी महाराजांनी त्याचा एक हात आणि एक पाय तोडायला लावला, असं सांगतात. सूर्याजी पिसाळ हे दुसरं नाव. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, येसूबाई आणि बाल शाहू कैदेत गेले, आणि त्या फितुरीशी लोकांनी पिसाळांचं नाव कायमचं बांधलं. संशोधकांमध्ये त्यावर दुमत आहे, पण भाषणात दुमताला जागा नसते. आजही कुणाला हिणवायचं झालं की सूर्याजी पिसाळ तयारच असतो.

तिसरे गणोजी शिर्के. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला, तेव्हा शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, शंभर कोटींच्या दाव्याची भाषा झाली, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी माफी मागितली. घटना संभाजी महाराजांच्या काळातली आणि माफी आपल्या मोबाइलच्या काळात. शिक्का कपाळावर बसला की तो एका माणसाचा राहत नाही, पोरांच्या शाळेत जातो, सोयरिकीत जातो. पंगतीतला तो शाखाप्रमुख नेमका त्यालाच भीत होता. त्याची लेक लग्नाची आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळात इकडून तिकडं जाणारे सरदार थोडे नव्हते. वतन हे त्याचं मोठं कारण. ज्याच्या सनदेनं वतन टिकेल त्याच्याकडं माणूस वळायचा. म्हणून तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर वेगळं प्रकरण लिहावं लागलं. पण नावं उरली ती बोटावर मोजण्याइतकी. बाकीचे परत आले, सेवा केली, विसरले गेले. म्हणजे स्वगृही परतण्याची सोय तेव्हाही होती.

स्वातंत्र्यानंतरचा पहिला गाजलेला शब्द हरियाणातून आला. १९६७ साली हसनपूरचे आमदार गया लाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा बाजू बदलली. शेवटी राव बिरेंद्र सिंग त्यांना चंदीगडला पत्रकारांसमोर घेऊन आले आणि म्हणाले की गयाराम आता आयाराम झाले आहेत. झालं, 'आयाराम-गयाराम' देशभर गेला. मराठीत तर असा रुळला की तो हरियाणवी आहे हे कुणाला खरं वाटत नाही.

त्या गोंधळावर लोकसभेच्या ठरावानं एक समिती नेमली गेली. अध्यक्ष आपले यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री. समितीच्या अहवालातला एक आकडा मी डायरीत लिहून ठेवला आहे. काही राज्यांतल्या पक्ष बदललेल्या २१० आमदारांपैकी ११६ जण मंत्री झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त. खोके हा शब्द तेव्हा कुणाला सुचला नव्हता, खुर्चीच पुरेशी होती.

चव्हाणांच्याच शिष्यावर पुढं दहा वर्षांत महाराष्ट्रातला सगळ्यात टिकाऊ शिक्का बसला, हा योगायोग म्हणा. १९७८ च्या जुलैमध्ये वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि शरद पवार ३८ व्या वर्षी पुलोदचे मुख्यमंत्री झाले. 'पाठीत खंजीर खुपसला' हे वाक्य तेव्हापासून पवारांच्या मागं लागलं ते आजतागायत. हाच प्रयोग जिंकणाऱ्यांच्या बाजूनं लिहिला तर त्याचं नाव 'पुरोगामी लोकशाही दल'. आणि २ जुलै २०२३ ला अजित पवार आमदारांना घेऊन सत्तेत गेले, तेव्हा पवारांच्या विरोधकांनी पहिली आठवण काढली ती १९७८ ची. खंजीर तोच, फक्त पाठ बदलली.

मला मात्र सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते छगन भुजबळ. डिसेंबर १९९१, नागपूरचं अधिवेशन. शिवसेनेचे ५२ आमदार होते आणि भुजबळांनी १८ जण फोडल्याचं सांगितलं. आकडा १८ च का? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात तेव्हा एक तृतीयांश फुटले तर ती 'फूट' ठरायची आणि आमदारकी वाचायची. ५२ चा तिसरा हिस्सा सतरा आणि थोडं. म्हणून अठरा. त्यातले बरेच जण नंतर माघारी गेले, तो भाग वेगळा.

बाळासाहेबांनी भुजबळांना नाव दिलं 'लखोबा लोखंडे'. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' नाटकातला तो भामटा, प्रभाकर पणशीकरांनी गाजवलेला. हे नाव इतकं चिकटलं की नाटक न पाहिलेल्या शिवसैनिकांनाही लखोबा म्हणजे भुजबळ एवढंच माहीत होतं. १९९५ ला माझगावात भुजबळ पडले. पुढं तेच गृहमंत्री झाले आणि २००० मध्ये बाळासाहेबांना अटक झाली ती त्यांच्याच काळात. एवढं वैर. आणि २८ नोव्हेंबर २०१९ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकऱ्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा सोबत शपथ घेणाऱ्या सहा जणांत छगन भुजबळ होते. त्याच सहात एकनाथ शिंदेही होते. एकाचा शिक्का त्या दिवशी पुसला गेला, दुसऱ्याचा अडीच वर्षांनी बसायचा होता.

राज ठाकरेही २००५ ला बाहेर पडले, पण त्यांना 'गद्दार' हा शब्द फारसा चिकटला नाही. मला वाटतं, त्यांनी आमदार नेले नाहीत, सत्ता घेतली नाही, वेगळा झेंडा काढला, म्हणून. लोक बाहेर जाण्याला तेवढं रागवत नाहीत. जाताना घरातलं काय उचललं, ते बघतात.

आता आपल्या जिल्ह्याकडं येतो. २०२२ च्या जूनमध्ये सुरत, मग गुवाहाटी. त्या दिवसांत कळमनुरीचे आमदार संतोष बांगर यांचा उद्धव ठाकऱ्यांसाठी रडतानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. गेलेल्यांबद्दल त्यांनी वापरलेले शब्दही ऐकले. ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव होता. शिंदेंच्या बाजूनं १६४ मतं, विरोधात ९९. बांगर त्या दिवशी १६४ मध्ये होते. त्याच महिन्यात खासदार हेमंत पाटीलही शिंदेंसोबत गेले. ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके'च्या घोषणा झाल्या आणि मग हा शब्द आपल्या पंगतीपर्यंत आला. सप्टेंबरमध्ये अंजनगाव सुर्जीला बांगर यांच्या गाडीवर हल्ला झाला, तिथंही हेच ओरडत होते. शिंदेंकडची मंडळी म्हणायची, हे बंड नाही, 'उठाव' आहे. त्या दिवसांत बातमीत 'शिंदे गट' लिहिलं तर एका बाजूचा फोन, 'शिवसेना' लिहिलं तर दुसऱ्या बाजूचा. 'गद्दार' हा शब्द अवतरणचिन्हात टाकून मी बरेच दिवस काढले.

पण हिंगोलीचा हिशोब एवढा सरळ नाही. सुभाष वानखेडे २००९ ला शिवसेनेचे खासदार. २०१४ ला राजीव सातवांकडून अवघ्या १,६३२ मतांनी पडले. २०१९ ला तेच वानखेडे काँग्रेसच्या पंजावर शिवसेनेच्या हेमंत पाटलांविरुद्ध उभे होते. २०२२ ला पाटील शिंदेंकडं गेले आणि वानखेडे ठाकऱ्यांकडं परतले. २०१९ मध्ये शिवसैनिकांच्या तोंडी जो शब्द वानखेड्यांसाठी होता, तोच तीन वर्षांनी पाटलांसाठी आला. सूर्यकांता पाटील काँग्रेस, राष्ट्रवादी, भाजप आणि २०२४ मध्ये पुन्हा शरद पवारांकडं, असा प्रवास करून आल्या. त्यांना कुणी गद्दार म्हटल्याचं मला आठवत नाही. स्वगृही परतल्या, असंच सगळ्यांनी छापलं. मीही छापलं.

आणि मतदार? २०२४ च्या लोकसभेला ठाकऱ्यांच्या नागेश पाटील आष्टीकरांनी लाखाहून जास्त मतांनी सीट काढली. सगळे म्हणाले, गद्दारीचा हिशोब झाला. सहा महिन्यांनी विधानसभेला कळमनुरीतून बांगर पुन्हा निवडून आले. त्यांच्यासमोर मशाल घेऊन उभे होते संतोष टारफे, जे २०१४ ला त्याच मतदारसंघातून काँग्रेसचे आमदार होते. निष्ठेच्या नावावर मत मागणाराही दुसऱ्या घरातून आलेला. आपल्या लोकांनी दोन्ही वेळा वेगळाच हिशोब केला, तो मला अजून नीट लागलेला नाही.

कायद्याचं थोडक्यात. २००३ च्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश फुटीची सोय काढून टाकली, राहिलं ते दोन तृतीयांशांचं विलीनीकरण. तरी १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी शिंदेंचीच शिवसेना खरी ठरवली आणि कोणत्याच बाजूचा एकही आमदार अपात्र झाला नाही. म्हणजे कागदावर त्या वर्षात गद्दार कुणीच नव्हतं. झेडपी, पंचायत समिती, नगरपंचायतीसाठी आपल्याकडं १९८६ चा वेगळा अनर्हता कायदा आहे. एखाद्या साध्या सदस्यानं व्हिप मोडला तर तो जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभा राहतो, तारखा करतो, वकिलाची फी भरतो. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळं तिथं नुसतीच नावं ठेवता येतात.

आणि शाखाप्रमुखाला तर कोणताच कायदा नाही. त्याला ना आमदारकी वाचवायची असते, ना अध्यक्षांसमोर सुनावणी. गाडीवर स्टिकर बदलायचं, बॅनरवरचा फोटो बदलायचा, व्हॉट्सॲपचा डीपी बदलायचा, बस्स. ज्या नेत्यामागं तो गेला, तो नेता उद्या समोरच्या मंडपात हार घालून घेईल. याला मात्र दोन्हीकडचे विचारतात, "कामून गेला होतास रे?"

हात धुऊन झाल्यावर मी त्याला तेच विचारलं होतं. तो म्हणला, "वीस वर्षं ज्याच्या मागं फिरलो, तो फोन करून म्हणला, बस गाडीत. म्हणलं बसतो. त्याला नाही म्हणलं असतं तर त्यानं मला गद्दार म्हणलं असतं."